समास सोडून

श्रुतपंचमीला आमच्या घरी अजून ग्रंथ बाहेर काढतात. ज्येष्ठ शुद्ध पंचमी, म्हणजे बेळगावात ऐन पावसाच्या तोंडावरचा दिवस. कपाटातले ग्रंथ काढायचे, धूळ झटकायची, वेष्टनाची फडकी धुऊन वाळवायची, पूजा करायची आणि परत नीट बांधून ठेवायचे. धरसेन आचार्यांकडून शिकून पुष्पदंत आणि भूतबली या दोघा मुनींनी षट्खंडागम लिहून पुरा केला तो हा दिवस, असं आपण लहानपणापासून ऐकतो. तोंडपाठ असलेलं ज्ञान पहिल्यांदा पानावर उतरलं. पण पानावर उतरलं म्हणजे नेमकं कसं उतरलं? कुठल्या ओळीला सुरुवात, कुठे जागा सोडली, किती मोठं अक्षर? हा प्रश्न मला इतकी वर्षं पडला नव्हता. तो पडला आमच्या मंडळाच्या अंकामुळे. त्या अंकात माझ्या हातून जी चूक झाली ती पुढे सांगेनच, पण आधी पोथीकडे जाऊ या.

ताडपत्र लांबट आणि अरुंद. त्याला मध्ये भोक पाडून दोरा ओवायचा आणि वर-खाली लाकडी पाट्या ठेवून बांधायचं. ग्रंथ या शब्दातच ती गाठ आहे. भोकाच्या भोवती अक्षर लिहून चालत नाही, दोऱ्यानं घासून पान फाटतं, म्हणून तिथे चौकोनी जागा कोरी ठेवायची. कडांनाही ठेवायची, कारण पान उलटताना अंगठा तिथेच पडतो. समास सोडण्याची पद्धत अशी सौंदर्यासाठी नव्हे, बोटासाठी आलेली आहे. मूडबिद्रीला बाराव्या शतकाच्या सुमाराची धवलेची कानडी लिपीतली ताडपत्रं शेकडो वर्षं टिकली त्यात या कोऱ्या कडांचाही वाटा असणार, असं आपलं मला वाटतं.

पुढे गंमत झाली. पश्चिम भारतात कागद आला आणि चौदाव्या शतकापासून श्वेतांबर समाजाच्या कल्पसूत्राच्या पोथ्या कागदावर लिहायला लागले. कागदाला भोकाची गरज नाही. कागद हवा तेवढा उंच कापता येतो. तरी पान लांबटच राहिलं आणि भोकाच्या जागी एक लाल किंवा सोनेरी टिकली रंगवायची पद्धत पडली. भोक गेलं, जागा राहिली! सासूबाई गेल्यावरही पाटाची जागा रिकामी ठेवून पानं मांडणारी सून असते, तसंच हे. पण त्या टिकलीनं पानाला असा काही तोल आला की पुढची कित्येक वर्षं कुणाला ती काढावीशी वाटली नाही.

या लेखनकलेवर मुनी पुण्यविजयजींनी गुजरातीत सविस्तर लिहून ठेवलं आहे. त्यातून कळतं की ओळी सरळ याव्यात म्हणून लाकडी फळीवर ठरावीक अंतरानं दोरे ताणून बसवत. त्यावर कागद ठेवून बोटानं दाबलं की दोऱ्याचे वळ उमटत. रेघ दिसत नाही आणि ओळ मात्र वाकडी होत नाही. चूक झाली तर खाडाखोड करायची नाही, वर हरताळाचा पिवळा लेप द्यायचा. 'हरताळ फासणे' आपण रागानं म्हणतो, पण लेखनिकाच्या हातात ती दुरुस्तीची वस्तू होती. श्लोकाचा शेवट, अध्यायाचं नाव तांबड्या शाईत. काही लेखनिक तर मजकुरातच अशी जागा सोडत जात की सोडलेल्या जागेचीच आकृती दिसावी, शंकरपाळीसारखी किंवा स्वस्तिकासारखी.

मला सगळ्यात आवडलेला प्रकार म्हणजे पंचपाट. मूळ सूत्र मोठ्या अक्षरात पानाच्या मध्यावर आणि त्याची टीका बारीक अक्षरात चारी बाजूंना. पाच भाग म्हणून पंचपाट. वर टीका, मध्ये मूळ, खाली टीका असं असेल तर त्रिपाट. म्हणजे ज्याला फक्त मूळ वाचायचं त्याची नजर मध्येच राहील, ज्याला अर्थ हवा तो बाजूला जाईल. आजच्या मासिकात चौकट टाकतात, बाजूला पट्टी टाकतात, ते याहून वेगळं काय करतात?

मात्र हेच पान छापायची वेळ आली तेव्हा आपल्याकडे वादळ उठलं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून लोक छापील धर्मग्रंथाला हात लावेनात, तेव्हा त्यांनी चरबीऐवजी तूप घालून शाई केली असं सांगतात. आपल्या समाजात तर विरोध आणखी कडक होता. छापखान्याचे शाईचे रूळ सरस आणि काकवी यांचे ओतलेले असत, आणि सरस कशापासून होतो हे अहिंसा मानणाऱ्या घरात सांगायला नको. शिवाय छापलेला कागद रद्दीत जाणार, पुड्या बांधायला वापरणार, जिनवाणीची अशी आशातना कोण सहन करील? हा विरोध निव्वळ अडाणीपणाचा होता असं मी म्हणणार नाही. रद्दीची भीती तर पुढे खरीच ठरली. पण सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांच्यासारखी माणसं छपाईच्या बाजूनं उभी राहिली. १८८० च्या दशकात त्यांनी 'जैन बोधक' सुरू केला. हाताने लिहिलेली पोथी बस्तीच्या कपाटात आणि किल्ली पंडिताकडे, अशी स्थिती राहिली असती तर तुमच्या माझ्या आज्या-पणज्यांच्या हातात कधी ग्रंथ आलाच नसता. छापील पान स्वयंपाकघरापर्यंत आलं म्हणून आम्ही शिकलो.

आता छापखान्यातलं थोडं सांगते, कारण ते कळल्याशिवाय मासिक असं का दिसतं ते कळत नाही. इंग्रजी खिळे मोजके. आपल्या लिपीला काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरं असे शेकडो खिळे लागतात. जुळाऱ्याच्या भोवती खिळ्यांच्या पेट्या, म्हणजे केसेस, चहूबाजूंनी मांडलेल्या. जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना १८६९ साली काढला. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी जी अक्षरं कोरली त्यांचं वळण पुढे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या डोळ्यांत बसलं. खिळ्यांची संख्या कमी करता येईल का, याचा खटाटोप खुद्द लोकमान्य टिळकांनीही केला होता.

देवनागरीची आणखी एक अडचण आहे. आपल्या अक्षराला डोक्यावर मात्रा आणि पायाशी उकार. दोन ओळी जवळ आल्या की वरचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. म्हणून ओळींच्या मध्ये शिशाच्या पट्ट्या घालून अंतर वाढवावं लागतं. अंतर वाढलं की पानं वाढली, पानं वाढली की कागद वाढला आणि खर्चही वाढला. शिरोरेघेमुळे आपली ओळ इंग्रजीपेक्षा काळी दिसते, तिला श्वास घ्यायला जागा जास्तच लागते. आणि आपले शब्द लांबलचक, प्रत्यय चिकटलेले. 'स्वयंपाकघरापर्यंतच्या' हा शब्द अरुंद कॉलमात बसवून दाखवा बरं! तो खालच्या ओळीत जातो आणि वरच्या ओळीतले उरलेले तीन शब्द एकमेकांपासून रुसल्यासारखे दूर दूर उभे राहतात.

एकोणिसाव्या शतकातल्या मासिकांना या सगळ्याची पर्वा करायला फुरसत नव्हती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ पासून निघाली, ८४ अंक झाले. पुस्तकासारखं पान, वरपासून खालपर्यंत मजकूर. वाचणारा टेबलाशी बसलेला विद्वान पुरुष आहे हे गृहीतच धरलेलं. काशीनाथ रघुनाथ मित्रांचं 'मनोरंजन' १८९५ साली आलं आणि १९०९ साली त्यांनी पहिला दिवाळी अंक काढला. चित्रं, छायाचित्रं, कथा, कविता असा भरगच्च. फराळाच्या ताटासारखा. तिथून पुढे अंक हातात घेतल्यावर आधी चाळायचा आणि मग वाचायचा, ही सवय मराठी माणसाला लागली.

पण मासिकाच्या पानाकडे पाहण्याची दृष्टी बदलली ती आमच्या बेळगावशी नातं असलेल्या एका घराण्यामुळे, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत असं कळल्यावर यांत्रिक रेखाटनाकडे वळले. बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, मग १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी. त्यांचे पुतणे शंकरराव मात्र खरोखरचे चित्रकार होते. लाहोरला पंडित सातवळेकरांकडे राहून चित्रकला शिकलेले. सातवळेकर म्हणजे वेदांची भाषांतरं करणारे तेच, पण आधी ते नामांकित चित्रकार होते. हे शंकरराव वाडीला येऊन कारखान्याच्या जाहिराती करू लागले आणि १९२० साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. नांगराच्या गिऱ्हाइकांसाठी पत्रक म्हणून. त्यातून 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० साली 'स्त्री' निघालं आणि १९३४ साली 'मनोहर'.

जरा विचार करा. संपादक स्वतः चित्रकार, त्याला जाहिरातीचा धंदा कळतो आणि छापखाना कारखान्याच्या आवारात, म्हणजे हाताशी. नांगर विकणाऱ्याला ठाऊक असतं की शेतकरी पत्रक हातात धरून बसणार नाही, त्याची नजर दोन क्षणात पकडली पाहिजे. मथळा कुठे, चित्र कुठे, मजकूर किती, हे गणित त्यांनी नांगरावर शिकून साहित्याला लावलं. शिकलेल्या लोकांना हे ऐकून कसंसं होईल कदाचित, पण मला यात कमीपणा दिसत नाही.

'स्त्री'चे जुने अंक माझ्या आईनं दोऱ्यानं शिवून ठेवलेले होते. आई ते कसे वाचायची ते मला आठवतं. भाताला आधण ठेवलं की एक पान. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये अर्धं. बाळाला थोपटताना एका हातानं. मध्येच कुणी हाक मारली की अंक उपडा टाकून उठायची आणि तासाभरानं येऊन जिथे सोडलं तिथे बोट ठेवायची. बायकांचं वाचन असं तुकड्यातुकड्यांचं असतं. म्हणून लहान परिच्छेद, मध्ये उपमथळे, परत आल्यावर जागा सापडेल अशा खुणा, या गोष्टी बायकांच्या मासिकाला शोभेच्या नाहीत, गरजेच्या आहेत. आणि म्हणूनच ती एक जुनी खोड मला फार छळते, 'उर्वरित मजकूर पान अमुक वर'. मागच्या बाजूला जाहिरातींची पानं असतात, नुसत्या जाहिराती कोण बघणार, म्हणून कथेचं शेपूट तिकडे नेऊन बांधायचं. पिठाच्या हातानं ती पानं उलटताना आईचा जीव मेटाकुटीला यायचा. एकदा कथेचा शेवट सापडलाच नाही, पान सुटून गेलेलं. तिनं स्वतःच शेवट रचून आम्हाला सांगितला.

मुखपृष्ठाचा महिमा वेगळाच. तो दोघा गोवेकरांनी वाढवला. दीनानाथ दलाल मडगावचे, त्यांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला. रघुवीर मुळगावकरही गोव्याचेच, फवाऱ्यानं रंग देण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. त्यांची मुखपृष्ठं कापून लोकांनी चौकटीत बसवली, आमच्या शेजारच्या घरात तर मुळगावकरांच्या लक्ष्मीची रीतसर पूजा व्हायची. मी दलालांची चाहती आहे. रेघ कमी, रंग सपाट, आणि तरी त्या बाईला काहीतरी म्हणायचंय असं वाटतं. पण एक तक्रार आहे. त्या काळातल्या कित्येक दिवाळी अंकांच्या दारावर अशी सुंदर स्त्री उभी आणि आत गेलं की अडगळीची खोली! नऊ पॉइंटातला मजकूर, कडेला समास नाही, कवितेच्या पायाशी केसाच्या तेलाची जाहिरात. दारात रांगोळी आणि आत पसारा असं घर आपण कुणाचं बघितलं तर काय म्हणू?

उलट उदाहरण 'सत्यकथे'चं. मुखपृष्ठ साधं, आतलं पान स्वच्छ, मुद्रिततपासणी अशी की शुद्धलेखनाची चूक शोधून दाखवावी. मौजेच्या मंडळींनी छपाईला साहित्याइतकाच मान दिला. पुढे त्याच 'सत्यकथे'ची १९६९ साली तरुण लेखकांनी होळी केली, आणि लघुअनियतकालिकांची पोरं सायक्लोस्टाइलवर तिरकी-तारकी पानं काढू लागली. त्या भांडणात मला पडायचं नाही. एवढंच की नीटनेटकं पान हेसुद्धा कुणाला बंद दार वाटू शकतं, हे त्या मुलांमुळे कळलं.

आता माझी चूक.

काही वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाचा विशेषांक निघाला. कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. केलेली मी एकटीच नव्हे, पण वेळ असलेली एकटीच, म्हणून काम माझ्याकडे आलं. तोपर्यंत खिळे गेले होते, संगणक आला होता. डीटीपी करणारा मुलगा हुशार आणि घाईत. फर्मा सोळा पानांचा असतो, त्यामुळे अंक बत्तीस पानांचा करा नाहीतर अठ्ठेचाळीसचा, चौतीस पानं म्हणजे नुकसान, हे त्यानं मला पहिल्याच दिवशी शिकवलं. आमचं बजेट बत्तीसचं. देणगीदारांचे फोटो आले, शुभेच्छा आल्या, फोटोखाली फोटो, कुणाचा मोठा आणि कुणाचा छोटा झाला यावरून दोन फोन आले. जागा कमी पडायला लागली तेव्हा मुलगा म्हणाला, "काकू, टाइप एक पॉइंट कमी करू या, कळणार पण नाही." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक पॉइंट. ओळींमधलं अंतरही थोडं खेचलं. मग लेखाच्या मागे फिक्कट कमळाचं चित्र घातलं, मला ते फार छान वाटलं होतं.

त्या अंकात आमच्या मंडळातल्या एका अक्कांचा लेख होता. वय ऐंशीच्या पुढे. शाळेत दोनच वर्षं गेलेल्या, आणि लग्नानंतर सासऱ्यांच्या छापील रत्नकरंड श्रावकाचारावर बोट फिरवत वाचायला शिकल्या, त्याची हकीकत. आयुष्यात पहिल्यांदा छापून येणारं लेखन. अंक घेऊन मी स्वतः त्यांच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावला, खिडकीशी गेल्या, भिंग आणवलं. बराच वेळ पान जवळ-लांब करून पाहिलं. मग पान मांडीवर ठेवून त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "छान केलीस गं." नातीला हाक मारून म्हणाल्या, "वाचून दाखव बघू, मी काय लिहिलंय ते."

वाचायला कसं शिकले हे सांगणारा लेख, आणि तो जिनं लिहिला तिलाच वाचता येऊ नये! देणगीदारांचे फोटो मात्र स्पष्ट आले होते. घरी येताना मला रिक्षात रडू आलं हे कबूल करते.

त्यानंतर मी पानं पाहायला लागले. पोथ्यांची, जुन्या मासिकांची, घरी येणाऱ्या 'प्रगती आणि जिनविजय'ची, वाण्याकडच्या दिनदर्शिकेचीसुद्धा. एका ओळीत किती शब्द सुखानं वाचता येतात ते बोटानं मोजलं. आठ-दहा ठीक, पंधरा झाले की नजर परत येताना ओळ चुकते. मजकुराखाली चित्र घातलं की वयस्कर डोळ्याला दोन्ही दिसत नाही. समोरासमोरच्या दोन पानांकडे डोळा एकदमच बघतो, म्हणून ती जोडीनं लावावीत. मध्यभागी पिन मारलेली दोन पानं एकाच कागदावर येतात, मोठं चित्र घालायचं तर तिथेच, बाकी ठिकाणी जोडावर ते एक सूत तरी हलतं. आणि मुख्य म्हणजे आधी लेख लावायचे, मग फोटो. हे शेवटचं समितीला पटवायला दोन बैठका गेल्या. तिसऱ्या बैठकीत सगळे देणगीदार एका पानावर, सारख्या आकारात, अकारविल्हे, असं ठरलं. एकांनी देणगी परत मागितली. दिली.

पुढच्या अंकात मी अक्कांचा तो लेख पुन्हा घेतला. चौदा पॉइंट, ओळींत भरपूर अंतर, मागे कमळ-बिमळ काही नाही, चारी बाजूंना बोटभर समास. लेख सहा पानं झाला, त्यासाठी माझा स्वतःचा लेख काढावा लागला.

अंक दिला तेव्हा त्यांनी चष्म्यानंच वाचला, भिंग मागितलं नाही. अर्धा लेख झाल्यावर मान वर करून म्हणाल्या, "हे काय गं, कडेनं एवढं पांढरंच सोडलंस? कागद वाया गेला की सगळा!"

पंधरा दिवसांनी मी परत गेले तेव्हा अंक दिवाणावर उघडा पडलेला होता. त्या पांढऱ्या कडेला पेन्सिलीनं त्यांनी महिन्याच्या दुधाचा हिशेब मांडला होता, आणि खाली, लेखात राहून गेलेलं एक नाव स्वतःच्या हातानं लिहून बाण काढून दाखवलं होतं ते ओळीत कुठे यायला हवं होतं.